गाळातला श्वास

१

दर्शना उबाळेच्या कामात एक सवय प्रत्येकाला लावून घ्यावी लागते, आणि ती बाहेरच्या माणसाला सांगितली की तो हसतो. आवाज साफ करणारी ही मंडळी साफ झालेला आवाज फारसा ऐकतच नाहीत. ती ऐकतात काढून टाकलेला आवाज. मूळ रेकॉर्डिंगमधून साफ केलेलं रेकॉर्डिंग वजा करायचं आणि जे उरेल त्याला कान लावायचा. पंखा, कुकर, रस्त्यावरचे हॉर्न असं सगळं त्यात यायला हवं. बोलणाऱ्याच्या आवाजाचा एखादा तुकडा तिथे सापडलाच, तर समजायचं की फिल्टरने नको तिथे कात्री चालवली. चहा गाळून झाला की कपाकडे न बघता गाळण्यात डोकावणारी माणसं ही. माजिवड्याच्या ऑफिसात त्या उरलेल्या आवाजाला सगळे गाळच म्हणत.

दर्शना मंगळवारी तेवढी ऑफिसला जाई, बाकीचे दिवस डोंबिवलीतल्या घरून काम. घर म्हणजे एक हॉल, एक खोली आणि स्वयंपाकघर. हॉलमध्ये खिडकीशी तिचं टेबल आणि समोरच्या भिंतीला बाबांची कॉट. जगन उबाळ्यांनी एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं काढली होती. निरोपाच्या दिवशी मिळालेलं घड्याळ केव्हाच बंद पडलं, पण छातीत भरून आणलेली कारखान्याची हवा काही जाईना. दोन वर्षांपासून नाकात नळी आणि कॉटशेजारी ऑक्सिजनची मशीन. बाबा तिला म्हैस म्हणत. दिवसभर रवंथ करते आणि दुधाच्या नावाने शंख, असं त्यांचं म्हणणं.

तर ही म्हैस आणि बाबांचा घरघरता श्वास दर्शनाच्या मीटिंगमध्ये पार पलीकडच्या देशापर्यंत ऐकू जाऊ लागला. एकदा एका क्लायंटने विचारलंच की तुमच्याकडे कुणी झोपलंय का. सगळे हसले, दर्शनाही हसली. मग दोन आठवडे खपून तिने नवा फिल्टर लिहिला. त्याला तिने स्वतःचा आवाज तासन्‌तास ऐकवला आणि एकच नियम घालून दिला. हा आवाज ठेवायचा, बाकी जगातलं जे काही असेल ते गाळात टाकायचं.

फिल्टर फक्कड जमला. पुढच्या मीटिंगमध्ये ती जणू रिकाम्या देवळात बसून बोलत होती. सिद्धेश, तिचा टीम लीड, कौतुकाने म्हणाला की हे आपण प्रॉडक्टमध्येच घालू. दर्शनाला बरं वाटलं, आणि मग फार वाईटही वाटलं. ज्या बापाने तिला शिकवलं त्याचा श्वास तिने स्वतःच्या हाताने पुसून टाकला होता. निदान जगापुरता तरी.

त्याच दुपारी सवयीने तिने हेडफोनवर गाळ लावला. मशीन होती, पंखा होता, बाबांचा श्वास होता. तो श्वास तिने लाखात ओळखला असता. सोडता सोडता शेवटी तो किंचित अडके, कडी नीट न बसलेल्या दारासारखा. ते अडकणं तिला दोनदा ऐकू आलं. एकदा अगदी पुसट आणि लगेच खरं.

पुसट आधी येत होतं. खरं नंतर.

२

घाबरण्यासारखं त्यात काही नव्हतं, आणि उबाळ्यांच्या घरात उगाच घाबरायची पद्धतही नव्हती. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, कपाटात पुस्तकं. लहानपणी दर्शनाला अंधाराची भीती वाटली की बाबा तिच्या हातात टॉर्च देत आणि तिलाच पुढे पाठवत. आधी तपासायचं, मग घाबरायचं, असं ते सांगत, आणि तपासून झालं की बहुतेक वेळा घाबरायचं राहूनच जातं.

तिने सिद्धेशला फोन केला. तो म्हणाला, पूर्वपडसाद असेल. हा प्रकार दोघांच्याही ओळखीचा होता. काही फिल्टरांचं गणितच असं असतं की आवाज थोडा मागे आणि थोडा पुढे सांडतो, आणि मग टाळी वाजायच्या आधीच तिची बारीकशी सावली ऐकू येते. फिल्टरची जात बदलली की जाते. दर्शनाने जात बदलली. सावली गेली नाही.

मग तिने मोजमाप काढलं. बाबांच्या खऱ्या श्वासाची पट्टी घ्यायची, आगाऊ श्वासाच्या पट्टीवर ठेवायची आणि तसूतसूने सरकवत न्यायची. दोन्ही जिथे अंगाला अंग लावून बसतील तिथे किती सरकवलं ते बघायचं. बुधवारी ते अंतर निघालं चाळीस मिलिसेकंद, म्हणजे डोळ्याची पापणी लवायच्या आत. शुक्रवारी अर्धा सेकंद. सोमवारी सकाळी चार सेकंद.

इथे मात्र तिचा हात माऊसवर थांबला. फिल्टर एका वेळी एका सेकंदाचा आवाज हातात घेतो, धुतो आणि पुढच्याला हात घालतो. चार सेकंदांनंतर काय येणार आहे हे त्याला कळायला मार्ग नाही. तिने पुन्हा मोजलं, मशीनची घरघर वगळून मोजलं, दुसऱ्या लॅपटॉपवर मोजलं. चार सेकंद ते चार सेकंदच.

सिद्धेशला तिने पुन्हा फोन केला. तिने आकडा सांगितला. तो म्हणाला, "अगं, फाइल्स अलाइन करताना काहीतरी गंडलंय तुझं. मूळ रेकॉर्डिंग ऐकलंस? त्यात आहे का तो दुसरा?"

नव्हता. मूळ रेकॉर्डिंगमध्ये एकच श्वास होता. साफ केलेल्यात तर तिच्या आवाजाशिवाय काहीच नव्हतं. आणि तरी एकातून दुसरं वजा केलं की बाकी उरे ते दोन श्वास. पहिलीतल्या पोराच्या पाटीवर असली वजाबाकी दिसली असती, तर मास्तरांनी पाटी पुसायला लावली असती.

३

अंतर रोज वाढत गेलं. दोन मिनिटं झाली, मग सात, मग अकरा. दर्शनाने काम करता करता गाळ थेट हेडफोनवर घ्यायला सुरुवात केली. आपण हे का करतो, असं ती स्वतःला विचारी आणि उत्तर देई की बग शोधतोय. बग शोधणं हे या धंद्यात कुठल्याही वेडाला पुरतं.

एके सकाळी ती ईमेल लिहीत होती. गाळात कुणीतरी जोरात खोकलं. तीनदा, तिसऱ्या वेळी खोल आणि ओला, आणि वर "आई गं" असं पुसट. दर्शना गर्रकन वळली. बाबा चष्मा लावून शब्दकोडं सोडवत बसले होते. त्यांनी वर पाहिलं आणि विचारलं की नदीचं नाव, चार अक्षरी, शेवटी 'ती' येतं, ते काय असेल. तिने काहीतरी सांगितलं. मग घड्याळ बघत बसली.

अकराव्या मिनिटाला बाबांनी पेन खाली ठेवलं, छाती धरली आणि खोकले. तीनदा. तिसरा खोल आणि ओला.

"आई गं," ते म्हणाले.

दर्शनाने त्यांना पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. आपला चेहरा बाबांना दिसू नये म्हणून ती त्यांच्या मागे सरकून जास्तच जोरात पाठ चोळत होती.

४

दोन दिवसांनी तिने हेडफोन लावला आणि त्याच क्षणी गाळात भांडं पडलं. स्टीलचं, फरशीवर, गोल फिरत फिरत थांबणारं. त्यापाठोपाठ बाबांचं हसणं. त्या दिवशी अंतर सव्वीस मिनिटं होतं.

दर्शनाने हेडफोन काढला आणि उठली. बाबांच्या स्टुलावर पाण्याचा पेला होता, तो तिने उचलला. औषधांची वाटी उचलली. कॉटखालचं भांडं, टेबलावरचा स्वतःचा चहाचा मग, सगळं स्वयंपाकघरात नेऊन ओट्यावर ठेवलं आणि दार ओढून घेतलं. बाबा पाहत होते. आज साफसफाई कसली काढलीस, असं त्यांनी विचारलं. पाहुणे येणारेत का?

हॉलमध्ये आता पडण्यासारखं स्टीलचं काही नव्हतं. दर्शना कॉटच्या काठावर बसून राहिली. हे खोटं ठरलं तर तिला हवंच होतं. खोटं ठरलं की मग खोकला योगायोग होता, अंतर चुकीचं होतं, आणि ती सुट्टी टाकून दोन दिवस झोपून काढणार होती.

पंचविसाव्या मिनिटाला बेल वाजली. तळमजल्यावरच्या आवडाबाई. ही इमारत उभी राहिली ती जमीन त्यांचीच, पूर्वी इथे त्यांचं भातशेत होतं. त्यांनी बाबांसाठी तांदळाची खीर आणली होती. चपला काढता काढता त्या म्हणाल्या, "काय गो, तोंड का असं उतरलंय? बाबूस बरा हाय ना तुजा?" आणि पदर सावरताना वाटीवरचं झाकण त्यांच्या हातून निसटलं. ते फरशीवर पडलं, गोल गोल फिरलं आणि कॉटच्या पायाशी जाऊन थांबलं.

बाबा हसले. आवडाबाईही हसल्या. दर्शनाला ते हसणं अगदी तंतोतंत, आधीच पाठ होतं.

त्या दिवसापासून तिने तपासणं सोडलं. म्हणजे बाबांच्या नियमाप्रमाणे आता घाबरायची पाळी आली होती.

फिल्टर बंद का नाही केला, असं कुणी विचारेल. तिनेही स्वतःला विचारलं. पण गाळ बंद केला म्हणून पुढचं थांबणार नव्हतं, फक्त कळणार नव्हतं. आणि छातीचा असा पेशंट घरात असला की प्रत्येक श्वासाला मुलीचे कान लागलेलेच असतात. इथे तर पुढचे श्वास आगाऊ मिळत होते. गाळात श्वास चालू आहे तोवर बाबांना काही होत नाही, इतका सरळ हिशोब होता. पुढच्या सोमवारी अंतर एकेचाळीस मिनिटांवर आलं आणि तिथेच थांबलं. बुधवारीही एकेचाळीस. दर्शना आंघोळीलासुद्धा घाईघाईत जाऊन येऊ लागली.

५

गुरुवारी दुपारी लांबलेली मीटिंग आटोपून तिने पुन्हा गाळ लावला, आणि तीन वाजून दहा मिनिटांनी त्यातला आगाऊ श्वास थांबला.

एकदम नाही थांबला. आधी तो भराभर होऊ लागला. मग पावलं ऐकू आली, बरीच, जड, अनोळखी. कॉट फरशीवर घासली. कुणीतरी पुरुष दबक्या आवाजात म्हणाला, "पायाकडून धर." मग मशीन बंद करताना जी लांब शिट्टी वाजते ती वाजली, आणि नंतर नुसता पंखा.

दर्शनाने हेडफोन कानाशी दाबून धरले. एक मिनिट, दोन मिनिटं. पंखाच. मग तिने ते काढून ठेवले. समोर बाबा उशीला टेकून बसले होते आणि पेरूच्या फोडीला मीठ लावत होते. नाकातल्या नळीमुळे त्यांना वास येत नसे, पण पेरू खाताना आव ते वास आल्यासारखाच आणत.

"बाबा, चला. हॉस्पिटलमध्ये जाऊ."

"का? मला काय झालंय?"

तिने त्यांचं बोट ऑक्सिजन मोजायच्या यंत्रात घातलं. ब्याण्णव. रोजचंच होतं. बाबांनीही आकडा पाहिला आणि मग तिच्याकडे पाहिलं. "कशावरून म्हणतेस, दर्शू?" त्यांनी विचारलं. या घरात या प्रश्नाला मोठा मान होता. तिने शाळेत असताना देवाबद्दल, जातीबद्दल, शेजाऱ्यांच्या नवसांबद्दल काहीही सांगितलं तरी बाबा हेच विचारत, आणि उत्तर नसेल तर ती बात तिथेच संपे. आज तिच्याकडे उत्तर होतं आणि ते सांगण्यासारखं नव्हतं.

"मी सांगते म्हणून," ती म्हणाली. "एवढ्या वेळी ऐका. पुन्हा नाही म्हणणार."

बाबांनी पेरूची फोड बशीत ठेवली. मुलीचा चेहरा वाचायला त्यांना चष्मा लागत नसे. बरं, म्हणाले, पण मग सदरा बदलतो.

तिने अ‍ॅम्ब्युलन्सला फोन केला. खोपटच्या एसटी डेपोत असलेल्या आतेभावाला, प्रफुल्लला, फोन केला आणि ड्यूटी सुटली की परस्पर हॉस्पिटलला ये म्हणून सांगितलं. कागदपत्रं पिशवीत भरली. तीन चाळीस झाले. अ‍ॅम्ब्युलन्स पत्रीपुलाच्या गर्दीत अडकली होती. बाबांना आता धाप लागू लागली होती, घाईमुळे असेल किंवा तिच्या चेहऱ्यामुळे. दर्शना त्यांचा हात धरून बसली आणि घड्याळाकडे न बघण्याचा प्रयत्न करत राहिली.

अखेर दोघं माणसं वर आली. स्ट्रेचर जिन्यात वळेना म्हणून खुर्चीत बसवून न्यायचं ठरलं. जागा करायला त्यांनी कॉट सरकवली, ती फरशीवर घासली. "हळू, त्यांच्या नळीला धक्का नको," दर्शना सांगत होती. छोट्या सिलिंडरला नळी जोडून झाली. एक जण दुसऱ्याला म्हणाला, "पायाकडून धर." दर्शनाने हात लांब करून मशीनचं बटण दाबलं आणि लांब शिट्टी वाजली.

तीन एक्कावन्न.

ती जागच्या जागी उभी राहिली. मग कुणीतरी खालून ताई ताई म्हणून हाक मारली आणि ती लॅपटॉप तसाच चालू टाकून जिना उतरली.

६

अ‍ॅम्ब्युलन्समध्ये बाबा श्वास घेत होते. नीट, रोजच्यासारखा, शेवटी अडकणारा. टिळक चौक मागे पडला तेव्हा दर्शनाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

तिने ऐकलं होतं ते हेच. मरण नव्हतंच ते. बाबांना घराबाहेर नेणं होतं, आणि नेणारी ती स्वतः होती. श्वास थांबला कारण खोली रिकामी झाली. एवढी साधी गोष्ट तिला समजली नाही, कारण त्या सगळ्या गडबडीत एक आवाज नव्हता आणि तो नसणं तिच्या लक्षातच आलं नव्हतं. तिचा स्वतःचा. हळू, जपून, नळीला धक्का नको, असं ती सारखी बोलत होती आणि त्यातला एक शब्द गाळात उतरला नव्हता. उतरणार कसा? हा आवाज गाळात टाकायचा नाही, हा नियम तिनेच घातला होता. आपला एक शब्द जरी ऐकू आला असता, तर तिने पेरू खाणाऱ्या बापाला उठवून इथे आणलंच नसतं.

तिला हसू फुटलं. ते आवरेना. बाबांनी मास्कमधून विचारलं की काय झालं, तर काही नाही म्हणून ती आणखी हसली आणि मग डोळे पुसत बसली. इतकं हलकं तिला महिन्याभरात वाटलं नव्हतं.

डॉक्टरांनी तपासलं. विशेष काही नाही, म्हणाले, पण आलाच आहात तर आजचा दिवस राहू द्या, उद्या दहाला सोडतो. बाबांना ते पटलं नाही. दर्शनाचा हात धरून ते म्हणाले, "घरी जाऊ या ना. मला माझ्या कॉटवर बरं वाटतं गं."

तिने क्षणभर विचार केला. पण दुधाने तोंड पोळलं होतं. आजची रात्र राहू, ती म्हणाली, उद्या सकाळी नेते. बाबांनी वाद घातला नाही. मान हलवली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

साडेपाचला प्रफुल्ल आला. त्याला कॉटशेजारी बसवून दर्शना बाबांचा चष्मा, गोळ्या आणि लुंगी आणायला घरी निघाली.

७

तिने कुलूप काढलं तेव्हा सहा वाजून बारा मिनिटं झाली होती. दार उघडताना उंबऱ्याशी जरा घासलं, चपला तिने कोपऱ्यात भिरकावल्या. पंखा फिरत होता. कॉट वाकडी झालेली, चादरीवर बाबांच्या बसण्याचा खळगा. मशीन गप्प होती, आणि ती गप्प असली की घर इतकं मोठं वाटतं हे तिला माहीत नव्हतं. फोनची बॅटरी संपत आली होती म्हणून तो तिने टेबलावर चार्जिंगला लावला.

लॅपटॉपवर गाळ अजून साठत होता. बंद करावं म्हणून ती बसली. स्क्रीनवरच्या रेघेत तीन दहानंतर आगाऊ श्वास नव्हता, आणि तीन एक्कावन्नला खरा श्वास गेला तिथपासून तर ती अगदीच सपाट. रिकामं घर. मग पाच एकतीसला छोटे खिळे उभे राहिल्यासारखं काहीतरी. तिने हेडफोन लावून तो तुकडा ऐकला. कुलूप. दार घासलं. चपला कोपऱ्यात पडल्या. हे तिचंच येणं होतं, मिनिटाला मिनिट लागून, एकेचाळीस मिनिटं आधीचं.

आणि त्याच्या पुढे, पाच अठ्ठावन्नला, रेघ पुन्हा हलू लागली होती. उठायची, बसायची. उठायची, बसायची.

बाबांचा श्वास.

पहिल्यांदा तिला आनंदच झाला. घरी येतायत, तिच्या मनात आलं. डॉक्टरांनी आजच सोडलं वाटतं. तिने तो तुकडा पुन्हा लावला आणि डोळे मिटून ऐकला. मग तिने डोळे उघडले. त्या श्वासाखाली मशीन नव्हती. सिलिंडरची सूंसूं नव्हती. जरा आधी दार उघडलं होतं, पण आत आली होती ती एकाच माणसाची घाईची पावलं, बाकी कुणी नव्हतं, खुर्ची नव्हती. नुसता श्वास सुरू झाला होता, कॉटच्या बाजूने. लांब, पोटापर्यंत जाणारा. तिच्या लहानपणी, रविवारी दुपारी बाबा जमिनीवर हात डोक्याखाली घेऊन झोपत, तेव्हा असा चालायचा. तरी शेवटी किंचित अडकत होता, म्हणजे त्यांचाच होता.

पाच अठ्ठावन्नात एकेचाळीस मिळवायचे. सहा एकोणचाळीस. घड्याळात सहा एकवीस झाले होते.

तिने चार्जिंगवरचाच फोन उचलून प्रफुल्लला लावला. तो म्हणाला की सगळं ठीक आहे, मामांनी इडली खाल्ली, आता झोपलेत. तिने त्याला यंत्रातला आकडा बघायला लावला. त्र्याण्णव. तिने त्याला सिस्टरला बोलवायला लावलं, सिस्टरने येऊन पाहिलं आणि काही नाही म्हणून गेली. "ताई, तू उगाच टेन्शन घेतेस," प्रफुल्ल म्हणाला. "एवढे शांत झोपलेले मी त्यांना कधी बघितलेले नाहीत."

त्यांना उठव, दर्शना म्हणाली. प्रफुल्ल म्हणाला, अगं, आत्ता कुठे डोळा लागलाय. उठव, मी येते, असं म्हणून तिने फोन ठेवला, चष्मा आणि गोळ्या पिशवीत कोंबल्या, दार ओढलं आणि धावत जिना उतरली. वाटेत आवडाबाईंनी काहीतरी विचारलं. ती थांबली नाही. गेटवर रिक्षा नव्हती. नाक्यापर्यंत पळाली, तिथेही रांग. कुणाला तरी बोलवावं म्हणून तिने पिशवीत हात घातला, कप्पे चाचपले, ओढणीत पाहिलं. फोन टेबलावरच राहिला होता.

ती परत फिरली. वर पोचेपर्यंत तिच्याच छातीत धाप मावत नव्हती. कुलपात किल्ली घालायला दोन वेळा चुकली. दार उघडलं तेव्हा संधिप्रकाश होता, आणि भिंतीवरच्या घड्याळात सहा अडतीस. दिवा न लावता ती टेबलाशी गेली, फोन हातात घेतला आणि निघण्यासाठी वळली.

हेडफोन टेबलावर पडले होते. कानात काहीही नव्हतं.

मागून, कॉटवरून, कुणीतरी श्वास आत घेतला. लांब घेतला, भरपूर घेतला, आणि सोडला. शेवटी किंचित अडकून सोडला.

दर्शनाने मान वळवायला किती वेळ घेतला हे तिला सांगता आलं नसतं. कॉटवर कुणी नव्हतं. चादर होती, उशी होती, आणि उशीतला खळगा होता. पुढचा श्वास आला तेव्हा तो खळगा जरासा खोल झाला. सोडला तेव्हा उशी जरा वर आली. बस, इतकंच. बापाने तपासायला सगळ्यात पुढे पाठवलेली ती मुलगी आता एक पाऊलही पुढे टाकू शकत नव्हती, आणि मागेही.

फोन तिच्या हातात वाजू लागला. प्रफुल्ल.

तो उचलला की प्रफुल्ल बोलणार होता. तो काय बोलणार हे तिला माहीत होतं, आणि ते ऐकलं की ते खरं होणार होतं. हॉस्पिटल पंधरा मिनिटांवर होतं. तिने धावत जायला हवं होतं. पण धावत जायचं ते कुणाकडे? दोन वर्षांत बाबांनी एकदाही असा श्वास घेतला नव्हता. त्यांना दुखत नव्हतं. ते घरी होते.

ती हळूहळू कॉटजवळ गेली आणि फरशीवर बसली. हात पुढे करायची तिची हिंमत झाली नाही. नुसती कॉटच्या लोखंडी पट्टीला डोकं टेकून बसली. "मी इथेच आहे, बाबा," ती म्हणाली, आणि वरचा श्वास एकदा मध्येच थांबला, ऐकल्यासारखा, मग पुन्हा चालू झाला.

फोन वाजायचा थांबला. थोड्या वेळाने पुन्हा वाजू लागला. तिने तो उलटा करून फरशीवर ठेवला.